२३५० मधला म

मोडनिंब हे नाव मोबाइलवर टाइप केले की पडद्यावर चार अक्षरे दिसतात आणि आत सात संख्या साठतात. म, ओकाराची मात्रा, ड, न, पहिली वेलांटी, अनुस्वार आणि ब. युनिकोडच्या यादीत त्यांचे क्रमांक अनुक्रमे २३५०, २३७९, २३३७, २३४४, २३६७, २३०६ आणि २३४८ असे आहेत. डोळ्यांना वेलांटी न च्या आधी दिसते, साठवणीत मात्र ती न च्या नंतर येते, कारण साठवण उच्चाराच्या क्रमाने होते. माढा तालुक्यातल्या, पुणे–सोलापूर महामार्गावरच्या या गावाचे नाव आडतीच्या पावतीवर छापले जाते, रेल्वेच्या तिकिटावर येते, कुणाच्या तरी निरोपात जाते. प्रत्येक वेळी याच सात संख्या पुढे सरकतात आणि वाटेत ठिकठिकाणी यंत्र त्यांना प्रश्न विचारत राहते. हे प्रश्न फार लहान असतात. संख्येतल्या अमुक एका जागी एक आहे की शून्य, एवढेच त्यात विचारलेले असते.

यंत्रात २३५० ही संख्या दहाच्या नव्हे, दोनच्या घातांनी लिहिलेली असते. २०४८, २५६, ३२, ८, ४ आणि २ यांची बेरीज २३५० होते. त्या सहा जागी एक आणि बाकीच्या जागी शून्य, असे सोळा बिटांत, म्हणजे सोळा जागांत, मांडले की ०००० १००१ ००१० १११० असा आकडा तयार होतो. जागा उजवीकडून मोजतात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. एकाची जागा शून्यावी, दोनाची पहिली, चाराची दुसरी, आठाची तिसरी. एरवी ही संख्या मोठी की लहान, एवढ्यावरच लक्ष जाते. बिटांच्या नजरेने पाहिले की तिच्या मोठेपणाला फारसा अर्थ उरत नाही. ती शेजारी शेजारी मांडलेल्या सोळा हो-नाहींची ओळ होते.

त्या ओळीतले एकच उत्तर हवे असेल तर मास्क लावतात. मास्क म्हणजे दुसरी एक संख्या. जिथे पाहायचे आहे तिथे तिच्यात एक असतो आणि इतर सगळीकडे शून्य. मग दोन्ही संख्यांवर अँड ही क्रिया करतात. तिचा नियम एका वाक्याचा आहे: वर एक आणि खालीही एक असेल तरच उत्तरात एक, नाहीतर शून्य. मास्कमध्ये शून्य असलेल्या जागी मूळ संख्येत काहीही असले तरी उत्तरात शून्यच येते. छापील पानावर एकच भोक पाडलेला पुठ्ठा ठेवावा आणि त्या भोकातून दिसणारे अक्षर वाचावे, तसे हे आहे. २३५० ला ८ चा मास्क लावला की उत्तर ८ येते, म्हणजे तिसरा बिट चालू आहे. १६ चा मास्क लावला की शून्य येते, म्हणजे चौथा बंद. हवा तो मास्क घडवायलाही सोपे. एकाला डावीकडे हव्या तितक्या घरांनी सरकवायचे. तीन घरे सरकवले की ८, चार घरे सरकवले की १६.

या क्रियेतली सर्वांत देखणी गोष्ट अशी की विचारणा होऊनही मूळ संख्या जशीच्या तशी राहते. अँडचे उत्तर वेगळे निघते, २३५० ला धक्का लागत नाही. बिट बदलायचेच असतील तर त्यासाठी वेगळ्या क्रिया आहेत. ऑर केले की मास्कमधल्या जागी एक बसतो, एक्सॉर केले की तिथला बिट उलटतो, आणि मास्क उलटा करून अँड केले की तो बिट शून्य होतो. विचारणे आणि बदलणे हे दोन व्यवहार इतके वेगळे ठेवलेले आहेत, म्हणूनच एकाच संख्येला एकामागून एक शेकडो प्रश्न विचारता येतात आणि शेवटच्या प्रश्नालाही पहिल्याइतकेच खरे उत्तर मिळते.

मास्कमध्ये एकापेक्षा जास्त जागी एक असले की प्रश्न जरा जपून मांडावा लागतो. २४ हा मास्क घेतला तर त्यात १६ आणि ८ या दोन जागा येतात. २३५० शी अँड केल्यावर उत्तर ८ मिळते. ते शून्य नाही, म्हणजे दोहोंपैकी एखादा तरी बिट चालू आहे. पण ते २४ ही नाही, म्हणजे दोन्ही चालू नाहीत. १२ चा मास्क लावला तर उत्तर १२ च येते, तिथे दोन्ही चालू. ‘एखादा तरी आहे का’ असे विचारायचे असेल तर उत्तराची तुलना शून्याशी करायची, ‘सगळे आहेत का’ असे विचारायचे असेल तर खुद्द मास्कशी. तिसराही एक प्रकार आहे. काही जागी एक आणि काही जागी शून्यच हवे असेल, तर त्या सगळ्या जागा मास्कमध्ये घ्यायच्या आणि उत्तर ठरावीक आकृतीशी ताडून पाहायचे. बिट तपासताना होणाऱ्या अनेक गफलती या तीन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

सी भाषेत आणखी एक खाचखळगा आहे. तिथे बरोबरीची तुलना अँडच्या आधी केली जाते. त्यामुळे कंस न घालता लिहिले तर आधी मास्कचीच शून्याशी तुलना होते आणि मग त्या निकालाशी संख्येचा अँड होतो. याचे मूळ भाषेच्या बाळपणात आहे. त्या वेळी एकच चिन्ह बिटांच्या अँडसाठीही वापरत आणि दोन अटी जोडायलाही. सी घडवणाऱ्या डेनिस रिची यांनी पुढे अटींसाठी वेगळे चिन्ह आणले, पण तोवर लिहिलेले प्रोग्रॅम बिघडू नयेत म्हणून जुन्या चिन्हाचा क्रम तसाच ठेवला. तेव्हापासून अँडभोवती कंस घालणे ही सी लिहिणाऱ्याच्या हाताची सवय झाली आहे.

मराठी शाळेतून गेलेल्या माणसाला ही नजर अगदीच अनोळखी नसते. वृत्ते शिकताना कवितेची ओळ तीन-तीन अक्षरांत तोडून प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लघू किंवा गुरूची खूण करायची असते. तीन जागा, प्रत्येकीत दोन शक्यता, म्हणून गण आठ. त्यांची ओळख सांगायची जुनी पद्धत पाहण्यासारखी आहे: म सर्वगुरू, न सर्वलघू, भ आदिगुरू, य आदिलघू, ज मध्यगुरू, र मध्यलघू, स अंत्यगुरू, त अंत्यलघू. यातले प्रत्येक नाव म्हणजे एकेक तपासणी आहे. कुठली जागा पाहायची आणि तिथे काय सापडायला हवे, एवढेच त्यात सांगितले आहे. मोडनिंब या नावावरही खुणा करता येतात. मो गुरू, ड लघू, निं अनुस्वारामुळे गुरू, ब लघू. पहिली तीन अक्षरे र गणाची, मागे एक लघू.

पिंगलाच्या छंदःशास्त्रात ही गोष्ट आणखी पुढे गेली आहे. ठरावीक अक्षरांच्या सगळ्या लघु-गुरु रचना क्रमाने मांडण्याला प्रस्तार म्हणतात. त्यातली एखादी ओळ पुसली गेली आणि फक्त तिचा क्रमांक माहीत असला, तर रचना परत मिळवण्याच्या रीतीला नष्ट हे नाव आहे. क्रमांक सम असेल तर निम्मा करून लघू लिहायचा. विषम असेल तर त्यात एक मिळवून निम्मा करायचा आणि गुरू लिहायचा. चार अक्षरांच्या सोळा रचनांपैकी अकरावी हवी आहे असे समजू. अकरा विषम, म्हणून गुरू, आणि उरले सहा. सहा सम, म्हणून लघू, उरले तीन. तीन विषम, गुरू, उरले दोन. दोन सम, लघू. गुरू, लघू, गुरू, लघू, म्हणजे मोडनिंबचीच रचना हाती येते. सम की विषम असे विचारणे म्हणजे संख्येचा शेवटचा बिट तपासणे, आणि निम्मे करणे म्हणजे सगळे बिट उजवीकडे एक घर सरकवणे. एक मिळवावा लागतो तो ओळींची मोजणी एकापासून सुरू होते म्हणून. शून्यापासून मोजली तर मोडनिंबचा क्रमांक दहा होतो, आणि दहाचे बिट १०१०. उजवीकडून वाचत जावे, शून्याला गुरू म्हणावे, एकाला लघू. जिभेवरची लय आणि संख्येतली आकृती यांची ही गाठ पिंगलाने यंत्राचा मागमूसही नसताना बांधून ठेवली.

संगणकावर भारतीय लिप्या आणण्याच्या कामात पुण्याचा मोठा वाटा आहे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, तिथे १९८८ साली स्थापन झाले आणि कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान तिथे वाढले. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आयएस १३१९४ या क्रमांकाने निघाले. त्याची मांडणी एका बिटावर उभी होती. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे ० ते २५५ इतक्या संख्या. खालच्या १२८ जागा इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांच्याकडे आधीपासून होत्या, त्यांना हात लावायचा नव्हता. भारतीय अक्षरे वरच्या अर्ध्यात बसवली गेली. इस्कीत म ला २०४ मिळाले, बिटांत ११००११००. त्यामुळे समोरचा बाइट इंग्रजी की भारतीय, हे १२८ च्या एका मास्कने कळू लागले. सातवा बिट चालू असेल तर भारतीय, बंद असेल तर इंग्रजी.

तुलना करण्यापेक्षा मास्क भरवशाचा का, हेही इथे नीट दिसते. अनेक यंत्रांवर सी भाषेतला एक बाइट ऋण संख्याही धरतो, आणि तिथे सातवा बिट ऋणचिन्हाचे काम करतो. अशा ठिकाणी २०४ चे मूल्य उणे ५२ होते. ‘हा १२७ पेक्षा मोठा आहे का’ असे विचारले तर उत्तर कायम नाही येते आणि म भारतीय अक्षरांतून बाद होतो. मास्क मूल्याच्या वाटेला जात नाही, तो जागा पाहतो. उणे ५२ मध्येही सातव्या जागी एकच आहे.

याच काळात छपाईच्या दुकानांतून चालणारे अनेक मराठी फाँट मात्र वेगळ्या वाटेने गेले. त्यांत इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे, काने आणि अर्धी रूपे चढवलेली असत. कागदावर लग्नपत्रिका सुरेख उतरे, पण फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली आणि तो फाँट नसला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. त्या मजकुराला कोणताही मास्क लावून तो मराठी आहे असे ओळखता येत नव्हते, कारण लिपीची खूण कोणत्याच बिटात ठेवलेली नव्हती. उत्तर आधी कुणीतरी जपून ठेवलेले असेल, तरच प्रश्नाला अर्थ असतो.

युनिकोडने ती खूण जपली. ऑक्टोबर १९९१ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, आणि तिची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. इस्कीत सगळ्या भारतीय लिप्यांना एकच जागा होत्या, लिपी कोणती ते वेगळ्या चिन्हाने सांगावे लागे. युनिकोडने प्रत्येक लिपीला १२८ जागांचा स्वतंत्र खण दिला आणि खणातला क्रम मात्र सारखाच ठेवला. देवनागरी २३०४ पासून सुरू होते, तेलुगू ३०७२ पासून, कन्नड ३२०० पासून. मराठी म २३५०, तेलुगू म ३११८, कन्नड म ३२४६. या तिन्ही संख्यांना १२७ चा मास्क लावला, म्हणजे खालचे सात बिट ठेवून वरचे झाकले, की तिन्हींचे उत्तर ४६ येते. उलट खालचे सात बिट टाकून उरलेले पाहिले तर १८, २४ आणि २५ हे खणांचे क्रमांक मिळतात. एका मास्कने अक्षर कळते, दुसऱ्याने लिपी.

या मांडणीचा अर्थ सोलापूर जिल्ह्याइतका क्वचितच कुठे जवळून दिसत असेल. शहरात विणकामामुळे आलेला तेलुगूभाषक पद्मशाली समाज आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बाजूला कन्नड घरोघर बोलली जाते. ग्रामदैवत मानलेल्या सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातली वचने कन्नडमध्ये आहेत. मोडनिंब या नावातल्या सातही संख्यांत ८९६ मिळवले की ते नाव कन्नड लिपीत तयार होते, ७६८ मिळवले की तेलुगूत. पोटातला ध्वनी तोच, फक्त खण बदलतो. ळ तिन्हीकडे एक्कावन्नाव्या जागी बसला आहे. ही सारखी मांडणी सगळीकडे मात्र टिकत नाही. तमिळच्या खणात ख, ग, घ यांच्या जागा रिकाम्या आहेत, कारण त्या लिपीला त्यांची गरज नाही. मराठीचा ॲ २००८ मध्ये देवनागरीच्या एका मोकळ्या जागी आला, खणातल्या ११४ व्या. कन्नडमध्ये त्याच जागी एक अगदी वेगळे चिन्ह आहे. मास्क तिथेही निमूटपणे ११४ सांगतो. दोन जागा सारख्या असल्या म्हणून अक्षरे सारखी असतात असे नाही, हे माणसाला ठाऊक असावे लागते.

या संख्या एका यंत्रातून दुसऱ्यात जातात तेव्हा बहुधा यूटीएफ-८ या रूपात जातात. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ते १९९२ च्या सप्टेंबरमध्ये रचले. त्यात मराठी अक्षराचे तीन बाइट होतात. म चे तीन बाइट २२४, १६४ आणि १७४ असे आहेत. पहिल्याची सुरुवात १११० ने होते, पुढच्या दोहोंची १० ने. कोणताही बाइट उचलून त्याला १९२ चा मास्क लावला आणि १२८ आले, तर तो मधला किंवा शेवटचा आहे. २४० चा मास्क लावून २२४ आले, तर तिथून तीन बाइटांचे अक्षर सुरू होते. खुणेचे बिट झाकले की उरते ती मूळ संख्या: पहिल्यात ०, दुसऱ्यात ३६, तिसऱ्यात ४६. छत्तीसला चौसष्टने गुणले की २३०४ येतात, त्यात ४६ मिळवले की २३५०. म परत हाती येतो.

मोडनिंब या नावाला असे एकवीस बाइट लागतात. एखाद्या तक्त्यात गावाच्या नावासाठी वीसच बाइट राखले असतील, तर शेवटच्या ब चा एक बाइट बाहेर पडतो आणि पडद्यावर ब च्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो. नीट लिहिलेला प्रोग्रॅम कापण्याआधी विचारतो. एकविसावा बाइट १० ने सुरू होतो, म्हणजे त्याच्या आधी कापले तर अक्षर मधेच तुटेल. विसावाही तसाच. एकोणिसावा १११० ने सुरू होतो, म्हणजे अक्षराची हद्द तिथे आहे. मग अठरा बाइट ठेवून तो थांबतो. नावातला ब जातोच, पण उरलेले ‘मोडनिं’ धड राहते. दोन पावले मागे येऊन हद्द सापडते, सगळा मजकूर पहिल्यापासून वाचावा लागत नाही.

मराठीला यात स्वतःची एक जपणूक करावी लागते. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. फरक आहे तो र च्या रूपाचा, रफार की अर्धचंद्रासारखा आडवा र. हा आडवा र साठवण्याच्या दोन रीती चालतात. एकीत नुक्त्याचा ऱ, क्रमांक २३५३, वापरतात. तो देवनागरीच्या खणातलाच आहे. दुसरीत साध्या र आणि हलंतानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. त्याचा क्रमांक ८२०५. खालचे सात बिट टाकून त्याचा खण पाहिला तर १८ नव्हे, ६४ येतो. मजकूर स्वच्छ करणारा प्रोग्रॅम ‘खण १८ नसेल ते काढून टाका’ अशा सरळ चाचणीवर चालला, तर हे अदृश्य चिन्ह गळते आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होतो. बिटाची तपासणी इथे अचूकच झालेली असते, चाचणी मराठीचा विचार न करता ठरवलेली असते. म्हणून मराठी मजकुरासाठी लिहिताना या एका चिन्हाला वेगळी मुभा द्यावी लागते, आणि ती द्यायची आठवण मराठी वाचणाऱ्यालाच राहते.

बिट जे सांगू शकतात त्याची सीमाही इथेच आहे. अक्षर कोणते, लिपी कोणती, बाइट सुरुवातीचा की मधला, हे सगळे एकेका मास्कने कळते. महाराष्ट्रातल्या स्थानकांवरच्या पाट्यांवर गावाचे नाव मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहितात. मोडनिंबच्या मराठी आणि हिंदी ओळी युनिकोडमध्ये उतरवल्या तर दोन्हींत त्याच सात संख्या येतात. भाषा कोणती हे ठरवायला शब्द लागतात, वाक्य लागते, शेजारी कुठेतरी आलेला ‘आहे’ किंवा ‘है’ लागतो. एका संख्येला विचारता येणारे प्रश्न तिच्या बिटांइतकेच. त्यापुढचे प्रश्न संख्यांच्या ओळीला विचारावे लागतात, आणि त्यांच्यासाठी मास्क पुरत नाही.